काठोकाठ थर्मास

गाईनं ढेकर दिला तो थेट तिच्या तोंडावर! प्रयोगशाळेतून आलेली ती दोन पावलं मागे सरली, तर गाईचं डोकं धरून उभा असलेला गोठेवाला खो-खो हसला.

“हसताय काय? या ढेकरासाठीच आलेय मी.”

“मग आधी सांगायचं... आमच्याकडे ढेकरांना तोटा नाही!”

तीही हसली. मग तिनं नीट समजावलं. गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. चारा आंबताना निघणाऱ्या वायूंवर ते जगतात आणि मिथेन सोडतात. तोच ढेकरातून बाहेर पडतो, हवा तापवतो. त्यांना आवरायचं तर आधी जगवून ओळखायला हवं. पण हवा लागली की ते मरतात. इतर गोठ्यांतल्या तीन खेपा अशाच वाया गेल्या होत्या. ही चौथी फसली की तिचं काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

नळीनं काढलेला पोटातला रस ती थर्मासात ओतू लागली.

“अर्धाच? वर हवा राहिली ना!”

“काठोकाठ भरला तर आतल्या वायूनं झाकण उडतं.”

“उडतंय कसं? मी धरून बसतो.”

“अरे, धारा कोण काढणार?” गोठेवाल्याचा मामा दारातून ओरडला.

“आज तुम्ही काढा, मामा!”

ती गाडी चालवत होती. काठोकाठ भरलेला थर्मास छातीशी धरून, झाकणावर तळवा दाबून तो शेजारी बसला होता. खड्डा आला की फस्स... शर्टावर हिरवा ओघळ!

“खिडकी उघडू?”

“माझ्यासाठी नको. तुम्हाला वास सोसत नसेल तर—”

“मला आवडतो,” ती म्हणाली. मग घाईनं, “वास.”

सहा दिवस तो रोज फोन करून जिवांची ख्यालीखुशाली विचारत राहिला. सातव्या दिवशी फोन तिचाच आला, “या. आत्ताच्या आत्ता!”

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळा उजेड होता. “लवकर बघा. या उजेडात ते चमकतात, पण चमक पटकन विझते.”

त्यानं डोळा लावला. निळे-हिरवे ठिपके लखलखत होते. “जिवंत?”

“हजारो! जिंकलो आपण!” तिनं टाळीच वाजवली.

त्यानं डोळा काढला नाही. “मॅडम... तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून इथूनच बोलतो. ते रोजचे फोन... या जिवांसाठी नव्हते.”



“विझले असतील एव्हाना,” ती हळूच म्हणाली.

“केव्हाच.”

“मग बघताय काय?” तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. “आता सांग... तोंडावर.”

आणि त्यानं सांगितलं. असं ठणकावून, की शेजारच्या खोलीतले सगळे टाळ्या वाजवत दारात आले.