शीतपंपावरचा अंगठा

उद्यमनगरातल्या बाबगोंडा मगदूम यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पूर्वी जिथे तराजू असायचा, तिथे आता पारखी बसली होती. दिसायला उपड्या घातलेल्या पातेल्यासारखी, शेजारी हातभर पडदा. गाडीचा कुठलाही सुटा भाग तिच्याखाली सरकवला की ती त्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडी. त्या लहरी धातूत कुठे अडतात, कशा परततात, यावरून ती त्या भागाचं कूळ सांगे. कोणत्या गाडीचा, कुणी घडवला, किती वर्षं टिकेल आणि मोल काय, सगळं चार श्वासांत. गाड्याही आता अशा निघाल्या होत्या, की पारखीचा दाखला नसेल तर बदललेला भाग अंगाला लावून घेत नसत, जागच्या हलत नसत. त्यामुळे अख्खा बाजार पारखीच्या तोंडाकडे बघायचा, आणि चाळीस वर्षं हातोडीच्या टोल्यावर माल ओळखणारे बाबगोंडा शेजारी बसून चहा उकळायचे.

त्या शुक्रवारी सकाळी राधानगरीकडची रेश्मा मुजावर आली. तिची विजेवरची आठ सीटची गाडी डोंगरातल्या वाड्यांवर फिरायची.

"आण्णा, एवढं बघा की. गाडी तीन दिस दारात उभी हाय."

तिने पिशवीतून नारळाएवढं एक लोखंडी कवच काढलं. गाडीच्या बॅटरीभोवती गार पाणी खेळवणाऱ्या शीतपंपाचं ते कवच होतं. कोरं करकरीत, पण ना शिक्का, ना नंबर. तिच्या गाडीचं जुनं कवच तडकलं होतं, आणि ती गाडी काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"हे कुठं गावलं तुला?"

"भंगारात. दोन दिस ढिगारं उपसलं. पर कोरं हाय वो, पाण्याचा थेंब लागल्याला न्हाई. उद्या वाडीवरच्या तिघांची डायलिसिसची पाळी हाय. त्यांना काय पाठुंगळीला मारून आणू?"

बाबगोंडांनी कवच पारखीखाली सरकवलं. ती गुणगुणली आणि थांबली.

"ओळख पटली नाही. घडवणारा अज्ञात. आतल्या बाजूला उंचवटा, बहुधा दोष. मोल भंगाराइतकं. दाखला नाही."

रेश्माचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "आण्णा, ह्या बाईला आदी च्या पाजा. सकाळी सकाळी डोस्कं फिरलंय तिचं."

बाबगोंडा हसले. मग त्यांनी कवच तारेला टांगलं आणि छोट्या हातोडीने एक टोला दिला. आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबवर गेला. तडा असता तर आवाज जागीच बसला असता. त्यांनी आतल्या कोपऱ्यात चिकटलेली चिमूटभर रेती खरवडून पळीत घेतली आणि चहाच्या स्टोव्हवर धरली. दुकानात गुऱ्हाळाचा वास सुटला.

"काकवी!" बाबगोंडा म्हणाले. "ओतकामात पोकळी ठेवायची तर साच्यात रेतीचा गाभा बसवतात. मोठे कारखाने ती रेती रसायनानं बांधतात. काकवीनं बांधणारी शेवटची आमची मसाई फौंड्री. पारखी जन्मायच्या आधीच बंद पडली, तिला हा वास कुठला ठाऊक असणार? जा, मागच्या गल्लीतल्या आक्काताई कांबळेंना घेऊन ये. तिथले गाभे त्याच भरायच्या."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आक्काताई धापा टाकत आल्या. "काय रं बाबगोंडा, ह्या पोरीनं असं पळवत आणलं, मला वाटलं तू खपलासच!"

"अजून न्हाई, आक्का. हे बघा."

त्यांनी पारखीला तो उंचवटा मोठा करून दाखवायला सांगितलं. पडद्यावर बारीक रेषा उमटल्या, वळणावळणाच्या, एकीत एक गुंतलेल्या. आक्काताई पुढे वाकल्या आणि खो खो हसत सुटल्या.

"आगं बया, ह्यो तर माझा अंगठा! नव्या मालाचा पयला गाभा भट्टीच्या देवीचा. वल्या लेपावर अंगठा उठवायचा आन् फळीवर ठिवायचा. त्यात लोखंड वतायचं नसतं. कुन्या गाढवानं देवीचाच गाभा साच्यात बसवला, आन् लोखंड ठशात शिरलं!"

बाबगोंडांच्या ध्यानात सगळं आलं. मसाई फौंड्रीने हा माल रेश्माची गाडी काढणाऱ्या कंपनीसाठीच ओतला होता. शिक्का कंपनीत बसायचा होता. त्याआधीच कंपनीला टाळं लागलं आणि कोरा माल भंगारात गेला. त्यांनी ते सगळं पारखीला सांगितलं.

आक्काताईंनी पारखीखाली अंगठा धरला.

"ठसा जुळला. घडवणारी आक्काताई कांबळे. मूळ माल. उंचवटा दोष नाही. आयुष्य एकोणीस वर्षं." पारखी जरा अडखळली. "मोल ठरवता येत नाही. असा दुसरा नग नोंदीत नाही. मोल तुम्ही सांगा."

सहा वर्षांत पारखीने बाबगोंडांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्यांनी उगाच घसा खाकरला.

"कंपनीच्या मालाएवढं लिही. वर एक रुपया, अंगठ्याचा."

"त्यो रुपया हिकडं टाक," आक्काताई म्हणाल्या.

दाखला बाहेर आला. रेश्माने तो छातीशी धरला आणि म्हाताऱ्या आक्काताईंना मिठीच मारली. ती दारापर्यंत पोचते तोच पारखी पुन्हा बोलली.

"घडवणारी हयात आहे. या कवचाअभावी जिल्ह्यात एक्केचाळीस गाड्या उभ्या आहेत. आणखी नग मिळतील का?"

आक्काताईंनी सुजलेली बोटं उघडझाप करून बघितली. "मी सांगीन, दावीन. भट्टी बाबगोंडा हुडकंल. पर भरायला हात पायजेत. ह्या डब्याला कुठायत हात?"

रेश्मा उंबऱ्यातच थांबली. एक्केचाळीस गाड्या, म्हणजे किती वाड्या, किती माणसं, तिने मनात मोजून बघितलं.

"आज्जी, उद्या पेशंट दवाखान्यात सोडून येतो. परवा सकाळी शिकायला आलो तर चालंल?"