फाटकाशी कोण खाकरलं?

मी सांगते ते घडलेलं आहे. ती फांदी मी माझ्या या दोन हातांनी आणली.

माझी थोरली लेक थोबेका लग्न होऊन गेली, त्या वर्षीच्या हिवाळ्यातला शुक्रवार; आमच्याकडे हिवाळा जून-जुलैत येतो. आमचं घर तुगेला नदीच्या अलीकडे, म्सिंगात. माझा भाऊ अल्फियस पलीकडे कोळशाच्या खाणीच्या एका लहान गावात कामाला होता. गावाचं नाव सांगणार नाही.

तो मेल्याचा निरोप आला, तोवर त्यांनी त्याला पुरूनही टाकलं होतं.

"माझ्या पोराला घरी आण," आई म्हणाली. "तिथे एकटा बसून असेल गं तो."

घरात पुरुष उरला नव्हता. बोरीची काटेरी फांदी घेऊन मीच निघाले. माणूस मेला त्या जागी फांदी टेकवायची, त्याला हाक मारायची, म्हणजे त्याचा जीव फांदीवर येतो. मग घरी येईपर्यंत फक्त त्याच्याशी बोलायचं. दुसऱ्या कोणाशी एक शब्द जरी बोललं, तर तो वाटेत हरवतो.

त्या गावातल्या दुकानदाराला विचारलं, "माझा भाऊ कुठे गेला?"

"पुलाखाली. गाडीने उडवलं. लगेच गेला."

पोलिसाला विचारलं.

"पुलाखाली. गाडीने उडवलं. लगेच गेला."

त्याच्या घरमालकिणीने दार अर्धंच उघडलं. तिनेही तेच सांगितलं... त्याच शब्दांत.

पुलाखाली चिटपाखरू नव्हतं. वाराही नव्हता. मी फांदी जमिनीला टेकवली.

"दादा, चल. आई वाट बघतेय."

फांदी... जड झाली.

बसमध्ये बोटांनी खूण करून दोन तिकिटं काढली. कंडक्टर हसला. "दुसरं कोणाचं, ताई? नवरा पिशवीत लपवलाय की काय?"

मग त्याला फांदी दिसली. त्याने टोपी काढली आणि मुकाट पुढे गेला.

तेवढ्यात खिडकीशी तळलेले पिठाचे गोळे विकणारी एक म्हातारी आली. मागे बघत, हळूच म्हणाली, "पोरी, तो पुलाखाली नाही मेला. कुठे मेला ते आपणहून सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय आम्हाला. तू विचार. विचारलंस तर सांगेन."

मी तोंड उघडलं...

आणि मिटलं. बोलले तर भाऊ हरवणार होता.

"मुकी आहेस का गं? विचार की!"

बस सुटली.

नदी आली. "दादा, तुगेला ओलांडतोय आपण," मी म्हटलं. शेजारची गादी दबली होती. माणूस बसल्यासारखी.

घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. आई दारात चटईवर बसली होती. मी अंगण ओलांडलं.

मागे... फाटकाशी कोणीतरी खाकरलं.

मी वळले. फाटकाशी कोणीच नव्हतं.

आमच्याकडे पाहुणा फाटकाशी थांबतो, खाकरतो. बोलावल्याशिवाय आत येत नाही.

घरचा माणूस थांबत नाही.

पुन्हा खाकरणं. संकोचल्यासारखं.

आई म्हणाली, "कोणाला घेऊन आलीस गं?"

मी हातातल्या फांदीकडे पाहिलं.

"हा आपला नाही. याला न्यायला कोणी आलंच नसेल." तिने फाटकाकडे तोंड केलं. "ये बाबा. बाहेर थंडी आहे."

माझ्या हातातली फांदी हलकी झाली.

पुढच्या महिन्यात मी त्या म्हातारीला शोधत परत त्या गावात गेले. "अशी म्हातारी इथे नव्हतीच," दुकानदार म्हणाला. पोलिसानेही तेच सांगितलं. घरमालकिणीनेही.

तो पाहुणा अजून आमच्याच घरात आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याची मला भीती वाटत नाही.

भीती वाटते ती वेगळीच. मी पुलाखाली हाका मारत होते, तेव्हा अल्फियस जवळच कुठेतरी असेल. ऐकत असेल. "तिथे नाही, इकडे..." म्हणत असेल.

माझी आई (माहेरच्या कुळावरून तिला सगळे मा-म्चुनू म्हणत) त्याच वर्षी चार सप्टेंबरला सकाळी गेली, त्याची वाट बघत. अल्फियस जूनमध्ये मेला. त्या गावाने सांगितलेली तारीख मी धरत नाही.