आठ डावे बूट

मी गवंडी. आमच्या वेल्सच्या खोऱ्यात माणसाला धंद्याचं नाव चिकटतं, म्हणून मी इथेल दगड. चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, पंचांत माझी खुर्ची होती आणि भुताखेतांची टिंगल करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

एकोणीसशे छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात इस्टेटीच्या मालकांनी मला केरिग-हेस्ग या त्यांच्या शेतघराची ओल काढायला पाठवलं. चुलीवरच्या ओकच्या तुळईवर १६११ कोरलेलं, भिंती तीन-तीन फूट जाड. बाहेरून लांबी भरली एक्केचाळीस फूट, आतून चौतीस. भिंतींचे सहा वजा केले तरी एक फूट कुठेतरी हरवत होता. टकटक करून पाहिलं, तर चुलीच्या डाव्या अंगाचा दगड पोकळ वाजला.

"तो हलवू नकोस," नेस्टामावशी म्हणाली. ते घर तिच्या सासरच्यांनी चार पिढ्या खंडाने धरलेलं. "सासूबाईंनी बजावलंय."

"त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, मावशी. आता ओरडायला येतायत होय?"

"त्या नाही येणार," ती म्हणाली आणि चहा ओतू लागली.

दगड निघाला. आतल्या कोनाड्यात लहान मुलांचे आठ बूट होते, वाळून कोळ झालेले. सगळे डाव्या पायाचे. धुराड्यातून काही उतरलंच तर त्याने बूट घ्यावा, मूल सोडावं, अशी जुनी समजूत. मला हसू आलं. शाळामास्तरांना दाखवायला म्हणून ते पिशवीत भरून मी घरी नेले.

माझी एलाइन तेव्हा सात वर्षांची, आईविना वाढलेली. मी हात धुऊन येतो तो तिने एक बूट पायात चढवलेला.

"बाबा, बघा! बरोब्बर बसला."

"काढ तो. घाण आहे."

"आतून गरम आहे," ती म्हणाली.

सकाळी नेस्टामावशी दोन मैल चालत माझ्या दारात आली. रात्रीत तिच्या चुलीपासून उंबऱ्यापर्यंत काजळीची पावलं उमटली होती म्हणे, लहान मुलाची. सगळी डावी.

"आणून ठेव, इथेल. आजच्या आज."

मी पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर केरिग-हेस्गला गेलो. कोनाड्याच्या तळाला ओला चुना अंथरला आणि बूट एकेक करून मांडले. दगड बसवणार, तेवढ्यात तिने माझा दंड धरला.

"कोणी पाय तर घातला नाही ना यात? घातला असेल तर त्या मुलाचा बूट आत ठेवावा लागतो. बंद करायच्या आधी."

चॅपलचा पंच मी. मुलीचा बूट भिंतीत पुरला हे गावात कळलं असतं तर लोकांनी मला सळो की पळो करून सोडलं असतं.

"छे, कोण घालणार?" मी म्हणालो.

दगड बसवला, सांधे भरले.

शनिवार होता. संध्याकाळी चुलीसमोर टब ठेवून एलाइनला आंघोळ घातली. ती पंचा गुंडाळून ओल्या पायांनी खिडकीकडे पळाली. काळ्या दगडी फरशीवर तिच्या पायांचे ठसे उठले. मी पुसायला वाकलो.

पाच ठसे. पाचही उजव्या पायाचे.

"इकडे ये, बाळा." तिचा डावा पाय पाण्यात बुडवला आणि फरशीवर दाबला. उचलला.

फरशी कोरडी होती.

"दुखतंय का?"

"नाही. गार लागतंय फक्त."

तिला शेजारी सोडलं, तिचा डावा बूट खिशात कोंबला आणि सायकल हाणली. मावशीने दार उघडलं. कंदील घेऊन माझ्यामागे उभी राहिली.

दगड काढला. आठही बूट मांडले तसेच होते. त्यांच्यामधला चुना लहानशा अनवाणी डाव्या पायाने तुडवलेला होता.

एलाइनची डाव्या पायाची करंगळी जन्मापासून आत वळलेली आहे.

मावशीने कंदील जवळ धरला. प्रत्येक ठशात करंगळी आत वळलेली होती.