गोठलेल्या दवातला तिसरा पट्टा

दव गोठलेल्या गवतावरून माणूस चालला की मागे एक काळपट पट्टा उरतो. साधारण वीतभर रुंद. दोन माणसं शेजारी चालली तर दोन पट्टे.

त्या सकाळी तीन होते.

ही ऐकीव गोष्ट नाही. जानेवारी १९८३. बपेऱ्याजवळच्या डोंगराची धार. चालणाऱ्या आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. भुताखेतांवर विश्वास नव्हता. आज विचाराल तर उत्तर देता येत नाही.

आमच्याकडे बर्फ पडत नाही. पण त्या आठवड्यात थंडी अशी होती की धारेवरचं सगळं गवत पांढरंशुभ्र झालं होतं.

माझी थोरली बहीण कुंताबाई, मी तिला बाईच म्हणायचे, दर हिवाळ्यात तिथे जायची. तिचा नवरा, टिकाराम भाऊजी, आठ वर्षांपूर्वी त्या धारेवरूनच नाहीसे झाले. सापडला तो फक्त त्यांच्या खांद्यावरचा, रक्ताने माखलेला दुपट्टा; हातातली नेहमीची काठीही मिळाली नाही. वाघाने नेलं, असं सगळ्यांनी मानलं. अशा जागी येणारा-जाणारा मेलेल्याच्या नावाने एक टहाळी टाकतो. तिथे आता कमरेएवढा ढीग झाला होता.

त्यात बाईची एकही टहाळी नव्हती.

सानगडी गावचे श्यामराव तिच्याशी पाट लावायला, म्हणजे पुनर्विवाह करायला, तयार होते. विधुर, भला माणूस. दोन वर्षं होकाराची वाट पाहून त्यांनी निरोप धाडला होता, संक्रांतीनंतर थांबणार नाही. मी सांगून सांगून थकले होते. चढतानाही तेच सांगत होते, खरं तर चिडून.

"टहाळी टाकली म्हणजे ते मेले, असं मीच म्हटल्यासारखं होते," बाई म्हणाली. "अन् उद्या आले, त काय सांगू?"

"आठ वर्षांत आले?"

ती पुढे निघाली.

धारेवर पोचलो तेव्हा समोरचं गवत अखंड पांढरं होतं. मी नीट पाहिलं होतं. एकही पाऊल नव्हतं.

थोडं चाललो...

पाखरं गप्प झाली.

मग मागून... ठक्.

दगडावर काठी टेकवावी तसं. आमच्यापैकी कोणाकडेच काठी नव्हती.

मी वळले. कोणी नाही.

पण गवतात तीन पट्टे होते... उजवीकडे माझा, मधे बाईचा. आणि तिच्या डावीकडे, थेट तिच्या पावलाशी आलेला... तिसरा.

जनावर असेल म्हणून मी खाली बसून खुरांचे ठसे शोधले. मिळाले नाहीत. पुन्हा शोधले. त्या पट्ट्याचं कारण सापडत नव्हतं, याचाच मला राग येत होता.

"कायले शोधून राहिली? एवढं शिकून गवतच पाहाचं होतं का?" बाईचा आवाज शांत होता. "ते माह्या डाव्या बाजूनंच चालत."

ठक्...

आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या गवतावर एकेक काळा ठसा उमटत पुढे गेला. ढिगापाशी पोचला.

आणि थांबला.

मी ढिगाला वळसा घालून आले. पलीकडचं दव जसंच्या तसं होतं.

मग ऊन वर आलं. दव वितळलं. कोणाला दाखवावं असं माझ्याकडे काहीच उरलं नाही. अजूनही ओल्या गवतावरून चालताना मी मागे वळून पट्टे मोजते.

त्या सकाळी धारेवरून निघण्याआधी बाईने पळसाची टहाळी मोडली. बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मग ढिगावर ठेवली, आणि घरात नवऱ्याशी बोलायची तशा हलक्या आवाजात म्हणाली,

"तुमी आता इथंच थांबा. मी सानगडीले जाऊन राहिली."