चौदा नंबरचा पट्टा

ऑक्टोबरातला रविवार, भुरभुर पाऊस, आणि चैत्राली रस्ता चुकलेली. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये दोन वर्षं काढून तिला राउंडअबाउटच्या गोल चौकांची इतकी सवय झाली होती, की खेड्यातला साधा तिठा दिसला तरी तिचा गोंधळ उडायचा. नेझ्बी नावाच्या गावाबाहेर तिनं गाडी कडेला घेतली आणि पाहते तर काय... कापणी झालेल्या शेतात वीसेक माणसं एका ओळीत, हातात लांब दांड्याची यंत्रं धरून, माना खाली घालून मुंगीच्या पावलानं चालली होती!

"अगंबाई, यांचं काय हरवलं?" काच खाली करून ती स्वतःशीच पुटपुटली.

"एक लढाई," फाटकापाशी वहीत काहीतरी लिहीत असलेला उंच तरुण मान वर न करता म्हणाला. चक्क मराठीत.

चैत्राली दचकली. "तुम्ही मराठी?"

"माझा आई मराठी. माझा बाबा पण." त्यानं मान वर केली. चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि त्यामागे हसरे डोळे. "मी जन्मलो नॉटिंगहॅमला. सो... मी पार्ट टाइम मराठी."

"आई माझा नसते, माझी असते."

"ती पण रोज हेच सांगते." तो हसला. "मी समर. सोळाशे पंचेचाळीस साली इथे राजा आणि पार्लमेंटची लढाई झाली. सिव्हिल वॉर. कोण कुठे उभा होता, कोण कुठे पळाला, ते मी शोधतोय. पीएचडी." त्यानं शेताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आज एक माणूस कमी आहे. कुंपणाकडचा शेवटचा पट्टा रिकामा राहिलाय. तुला वेळ आहे?"

वेळ कुठला? लेस्टरला मैत्रिणीकडे, रश्मीकडे, मसालेभात तिची वाट पाहत होता.

"आहे," चैत्राली म्हणाली.

काम सोपं होतं, पण नियम फार कडक. शेतात काठ्या रोवून पट्टे आखलेले, एकेक पट्टा दहा पावलं रुंद, एका पट्ट्यात एकच माणूस. धातू शोधणारं ते यंत्र 'टुंई' वाजलं की खणायचं, आणि लढाईतली शिशाची पांढुरकी गोळी निघाली की तिथेच लाल झेंडी लावून हात वर करायचा. मग समर येऊन जागा मोजायचा. गोळी जागेवरून हलली की तिची किंमत शून्य! आणि पट्टा सोडायचा नाही. कुणाचं पाऊल जरा वाकडं पडलं की समरची आरोळी आलीच, "लेन!" पंचाहत्तरीचे उदयकाका, नॉर्थॅम्प्टनचे निवृत्त इंजिनिअर, गुडघ्यामुळे थोडे तिरके चालायचे, त्यांनाही सूट नव्हती. संध्याकाळी प्रत्येकानं कागदावर सही करायची की मी माझा पट्टा पूर्ण चाललो.

चैत्राली पुढच्या रविवारीही गेली. त्याच्या पुढच्याही. पिवळे गमबूट घेतले. नागपूरला आईनं फोनवर विचारलं, "दर रविवारी कुठे जातेस गं?" तर म्हणाली, "इतिहास शिकतेय." अगदीच खोटं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत थर्मास उघडायचा आणि भांडण सुरू व्हायचं.

"तुला कोण आवडतो?" समरनं विचारलं. "राजाकडचा रूपर्ट की पार्लमेंटकडचा क्रॉमवेल?"

"क्रॉमवेल," चैत्राली म्हणाली. "त्याचे घोडेस्वार जिंकले, तरी त्यानं सगळ्यांना पाठलागाला जाऊ दिलं नाही. थांबवलं, वळवलं. लगाम हातात ठेवणारा माणूस."

"तू सॉफ्टवेअरवाली. तू हेच म्हणणार!"

"आणि तुला तो उंडारलेला भाचा?"

"ए! रूपर्ट राजाचा भाचा होता, पंचवीस वर्षांचा होता. त्यानं समोरची फळी फोडली, आणि मग... धावतच गेला. थांबता नाही आलं." समर कपातल्या वाफेकडे पाहत राहिला. "सगळे म्हणतात तो खूप लांब गेला. परत आला तोपर्यंत इथे सगळं संपलं होतं. पण मला वाटतं तो लगेच वळला होता, फक्त पोचू शकला नाही. ते मला प्रूव्ह करायचंय."

"काऊन रे? तुझा कोण लागतो तो?"

"कोणी नाही," तो हळूच म्हणाला. "पण ज्याची इच्छा होती आणि जमलं नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बोलायला पाहिजे ना."

त्या वाक्यापाशी चैत्रालीचं काही खरं राहिलं नाही. आठवड्याचे सहा दिवस ती रविवारची वाट पाहायची, आणि रविवारी तो दहा पावलांवर असायचा... दहाच पावलं, पण ओलांडायची नाहीत. तो बोलायचा गोळ्यांबद्दल, घोड्यांबद्दल, सेनापतींबद्दल. तिच्याबद्दल कधी एक शब्द नाही.

डिसेंबरात दाट धुकं पडलं. त्या दिवशी शेताच्या नव्या भागात पट्टे आखले होते आणि माणसं कमी, म्हणून समर स्वतः तेरा नंबरच्या पट्ट्यात उतरला. चैत्राली कुंपणालगतच्या चौदात. मधल्या ओकच्या झाडापाशी आली तेव्हा तिला धुक्यात त्याचं गुणगुणणं ऐकू आलं. नीट ऐकू यावं म्हणून ती एक पाऊल सरकली. मग आणखी एक. मग झाडापासून पार खालपर्यंत ती त्याच्यापासून हातभर अंतरावर चालत राहिली. त्याची मान खाली होती, कानाला हेडफोन. आपण त्याला दिसलोच नाही, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिनं कागदावर सही केली: चौदा नंबर, पूर्ण.

मार्चच्या शेवटी समरची ईमेल आली. सोबत नकाशा. शेतभर लाल ठिपके, आणि कुंपणापाशी मोकळी जागा. 'बघ! कुंपणाजवळ एकही गोळी नाही. म्हणजे घोडेस्वार तिथपर्यंत गेलेच नाहीत, आधीच वळले. पुढच्या महिन्यात ग्लासगोला इतिहासकारांसमोर पेपर वाचतोय. चार वर्षं, चैत्राली! थँक यू.'

तिनं नकाशा मोठा करून पाहिला. ती मोकळी जागा म्हणजे तिचाच अर्धा पट्टा होता. तिथे गोळ्या नव्हत्या असं नव्हे. तिथे कुणी शोधल्याच नव्हत्या!

गप्प बसली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. शेतात बार्ली पेरून झाली होती, आता ऑगस्टपर्यंत आत पाऊल ठेवता येणार नव्हतं. पण उद्या तो भर सभेत उभा राहून जे सांगणार, ते तिच्या खोट्या सहीवर उभं असणार. आणि खरं सांगायचं तर पट्टा का सोडला तेही सांगावं लागणार... इथेच घोडं पेंड खात होतं. तीन रात्री तळमळून चौथ्या दिवशी ती नॉटिंगहॅमला गेली.

युनिव्हर्सिटीच्या कॅफेत तो तिला पाहून उजळला. तो उजेड बघूनच तिला रडू येत होतं.

"समर, चौदा नंबर मी पूर्ण चाललेच नाही. झाडापासून खाली मी... तुझ्या पट्ट्यात होते."

"व्हॉट? का?"

"तुझ्याजवळ चालायचं होतं म्हणून." तिनं डोळे मिटून घेतले. "तू मला आवडतोस. फार. तेव्हाही, आत्ताही."

डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"तू सही केली होती."

"हो. चुकलं माझं."

"मला पेपर विदड्रॉ करायला पाहिजे," एवढंच म्हणून त्यानं लॅपटॉप उचलला. त्याचा चहा तसाच राहिला. ती जे बोलली होती, त्यालाही त्यानं हात लावला नाही.

एप्रिलात कंपनीनं तिला नव्या प्रोजेक्टवर पाठवलं, नेमकं ग्लासगोला! नशिबाला थट्टा करायची हौस असते ती अशी. जिथे त्याचा पेपर व्हायचा होता त्या शहरात ती खिडकीशी बसून पाऊस मोजायची. मेसेज लिहायची, पुसायची. तो ऑनलाइन दिसायचा... आणि नाहीसा व्हायचा. फोन वाजला की ती झडप घालायची आणि निघायचा तो डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटचा मेसेज. तिला त्याचा राग येत नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. राग आला असता तर दिवस तरी गेले असते. नुसती आठवण यायची, सकाळ-संध्याकाळ, त्या गुणगुणण्याची, चष्म्यावरच्या थेंबांची.

ऑगस्टच्या अखेरीस तीन ओळी आल्या. 'कापणी झाली. चौदा नंबर चालायचा राहिलाय. शनिवारी येशील?'

ती पहाटेच्या गाडीनं निघाली.

शेतात दोघंच होते, समर आणि वही घेऊन आलेले उदयकाका. समर धड तिच्याकडे बघत नव्हता. चैत्राली झाडापासून चालू लागली. वीस पावलं झाली, काही नाही. मग यंत्र वाजलं. पुन्हा वाजलं. पिस्तुलाच्या लहान लहान गोळ्या, एकामागून एक, थेट कुंपणापर्यंत. नऊ लाल झेंड्या! रूपर्टचे घोडेस्वार इथून गेले होते. कुंपण ओलांडून, पुढे, लांब. वळले नव्हते.

समरनं शेवटची गोळी मोजली आणि तिथेच मातीत बसला. उदयकाकांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि वही काखेत मारून गाडीकडे निघून गेले.

"तुझी चार वर्षं..." चैत्राली म्हणाली. "माझ्यामुळे."

"नाही. ऐक." तो मातीकडे बघत बोलत होता. "पाच महिने मी गप्प होतो ना, ते रागानं नाही. शरमेनं. मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"त्या दिवशी. तुझे पिवळे बूट, माझ्या बाजूला. हेडफोनमध्ये काही वाजत पण नव्हतं. मी सगळ्यांवर ओरडतो, उदयकाकांवर पण ओरडतो. मला माहीत होतं तिकडे कोणी चालत नाहीये. मग मॅप आला, मोकळी जागा दिसली, मला पाहिजे होती तशी... आणि मी स्वतःला सांगितलं, ती परत गेली असेल तिच्या लेनमध्ये. मी रिसर्चर म्हणून फेल झालो, चैत्राली. आणि तू येऊन खरं बोलली. मला तोंड दाखवता येईना."

"पण तेव्हाच ओरडायचं ना!"

आता त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तो प्रयत्नही करत नव्हता.

"ओरडलो असतो तर तू परत गेली असती."

वारा पडला होता. दूर रस्त्यावरून एक गाडी गेली. चैत्राली त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, मातीनं भरलेले दोन्ही हात त्याच्या जॅकेटला पुसले, आणि मग ते तिथून काढलेच नाहीत.

संध्याकाळी सहाची गाडी ग्लासगोला गेली. चैत्राली गेली नाही.