चौफुलीवरचा निजलेला गाडीवान

दार ओढून घ्या रे. भटू, तू हसू नकोस, रात्री परसाकडे एकट्याला तुलाच जायचंय! ही ऐकीव गोष्ट नाही. माझे सख्खे मामा, रस्त्याच्या कामावरचे तोताराम मुकादम, यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

तीन वर्षं झाली. सत्तावन्न साल, भोगीची रात्र. मामा कंदिलांसाठी घासलेटचा डबा घेऊन धुळ्याबाहेरच्या चौफुलीकडे निघाले होते. आग्रा रोड आणि सुरतेचा रस्ता तिथं एकमेकांत घुसायचे. शहर वाढलं, ट्रक वाढले, त्यात कापसाच्या गाड्या; दिवसा मुंगी शिरायला जागा नसायची. म्हणून सरकारनं चौफुली रुंद करायला घेतली. जुन्या रस्त्याचं तोंड खणून टाकलं आणि बाजूनं नवं वळण काढलं.

अडचण बैलांची होती. गाडीवान रात्री गाडीतच निजतात, बैल आपले सवयीनं घरी नेतात. त्यांना नवं वळण कोण सांगणार? ते सरळ खड्ड्याकडे निघायचे. म्हणून झुलाल नावाचा रखवालदार ठेवला होता. त्यानं लाल कंदील लावायचे आणि गाडी आली की गाडीवानाला हाका मारून उठवायचं.

झुलाल नरडाण्याकडचा. बायको आणि लेक एका आठवड्यात पटकीच्या साथीत गेल्या, तेव्हापासून तो गावाकडे फिरकला नव्हता. सणाला कामावरची सगळी गँग घरी पळायची, हा चौफुलीवरच बसून. मला अजून त्याची फार कीव येते.

त्यानं मामांना सांगितलं होतं, "नाना, एक गाडी रोज येस. गाडीवान काही उठत नही. मग मीच कासरा धरीसन वळणपर्यंत लई जास. त्यानासंगे दोन गोष्टी करस. तेवढंच..."

एकटेपणानं याचं डोकं फिरलं, असं मामांना वाटलं. उद्या चौफुली खुली होणार, रखवालदाराचं काम संपणार. मग हा जाणार कुठे? मामा त्या रात्री झुलालच्या राहुटीतच थांबले.

मध्यरात्र उलटली. झुलाल उठला.

"उना का भाऊ?" आला का, असं त्यानं अंधारात विचारलं.

मामांनी बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा. चाक नाही, घुंगरू नाही. झुलाल मात्र कासरा धरल्यासारखा हात करून चालत होता. बोलत होता. लेकीचं बोलत होता...

वळणाकडे तो वळलाच नाही. जुन्या रस्त्याच्या तोंडाशी थांबला.

"आज आखरी रात शे, भाऊ. उद्या मी कोठे जाऊ?"

वारा पडला.

मग... दुसरा आवाज. झोपेतून उठल्यासारखा. जड.

"घर चाल."

मामा राहुटीबाहेर आले.

"माले बी लई जाशी?" मलाही नेशील का, असं झुलाल विचारत होता.



कंदील फडफडला. झुलालनं पाय उचलला.

आणि... रस्त्यावर कोणी नाही.

पहाटे गँगनं खड्डा पालथा घातला, आसपासच्या विहिरी पाहिल्या, नरडाण्याला माणूस धाडला. झुलाल आजतागायत सापडलेला नाही.

फक्त खड्ड्याच्या काठावर त्याच्या वहाणा होत्या. जोडीनं, नीट लावलेल्या. गाडीत चढताना कोणी वहाणा काढत नाही रे. त्या आपण घराच्या दाराशी काढतो.