चवीची वही

तृणपाचक जिवाणू पहिल्यांदा यशस्वी झाला, तेव्हा डॉ. शरयू ढोमणे प्रयोगशाळेतच आनंदाने रडली होती. हा जिवाणू आतड्यात कायमची वस्ती करायचा आणि माणसाला एरवी न पचणाऱ्या चोथ्यापासून साखर आणि प्रथिनं तयार करायचा. शरयू स्वतः शाळेच्या खिचडीवर वाढलेली. तेवढ्याच खिचडीतून पोरांना दुप्पट पोषण मिळावं, एवढीच तिची इच्छा होती.

दोन वर्षांत राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला डोस मिळाला. मग नव्या, ‘बळकट’ पोषण धोरणाचा मसुदा तिच्या हातात पडला. त्यात खिचडीच नव्हती.

ती तडक पोषण संचालक खैरमोड्यांकडे गेली.

“चोथा पचतो, म्हणजे गवतही पचतं ना, मॅडम?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“पचतं, पण...”

“गवतावर मूल मरेल?”

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. “नाही. वजनसुद्धा वाढेल.”

“मग चूल कशाला पेटवायची? दुपारच्या सुट्टीत पोरं गायरानात जातील.”

शरयूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने जुन्या नियमावर बोट ठेवलं. मुलांना द्यायचा प्रत्येक पदार्थ अर्धा तास आधी मोठ्या माणसाने खाऊन वहीत सही केलीच पाहिजे. आता कोणता साहेब गवत चघळतो ते बघूच! नियम मोडण्याची खैरमोड्यांची प्राज्ञा नव्हती. आठवडाभर तिला आपण जिंकलो असंच वाटत होतं.

सोमवारी तिला एका खेड्यातल्या शाळेत बोलावणं आलं. गायरानाच्या कडेला पोरं रांगेत बसली होती. स्वयंपाकीण गयाबाई रिकाम्या हातांनी उभी होती. खैरमोड्यांनी चवीची वही पुढे केली.

“मोठ्यांना हे पचत नाही,” शरयू म्हणाली.

“तुम्हाला पचतं. पहिला डोस तुम्ही स्वतः घेतला होतात. अहवालात तसं अभिमानाने लिहिलंय.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तांदूळ कालपासून बंद झालाय. सही नसेल तर पोरं उपाशी घरी जातील.”

तिने गवताची मूठ तोंडात घातली.

“थुका बाई ते, गिळू नगा!” गयाबाई कळवळून म्हणाली.

शरयूने गिळलं. अर्ध्या तासाने खैरमोड्यांनी विचारलं, “काही त्रास?”

“नाही.”

“भूक?”

सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिला स्वतःची किळस आली, पण भूक नव्हती. तिने सही केली.

घंटा झाली आणि पोरं गवतात ओणवी झाली.